नव्या पुस्तकांचा ढीग वाचून कसा होईल?

नवी पुस्तकं घरी आली की पुस्तकवेड्या माणसाला त्या रात्री लवकर झोप लागत नाही. एकेक प्रत हातात घ्यायची, मुखपृष्ठ न्याहाळायचं, मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा, मधलंच एखादं पान उघडून दोन परिच्छेद चाखायचे आणि पुढची प्रत उचलायची. जळगाव जिल्ह्यातल्या पहूरसारख्या गावात या आनंदाची गोडी अधिक, कारण इथे पुस्तक मुद्दाम मिळवावं लागतं. कुणी जळगावला कामाला निघालं तर त्याच्याजवळ यादी द्यायची, पुण्यात शिकणारी लेक दिवाळीला येताना आणेल म्हणून वाट पाहायची, नाहीतर मागणी नोंदवून पार्सलकडे डोळे लावून बसायचं.

अशा ढिगात बहुधा दोन प्रकारची पुस्तकं असतात. एक अद्भुताची: टोल्कीन, हॅरी पॉटर, ज्यूल व्हर्न, अरबी गोष्टी. दुसरी अभिजात: हरिभाऊ आपटे, व्हिक्टर ह्यूगो, जातककथा, शेक्सपिअर. बरीचशी जाडजूड. पंधरवड्याने त्यातलं एखादं अर्ध्यावर थांबतं, बाकीची कपाटात जातात आणि वर्षभराने नवा ढीग येतो. ही गत टाळता येते. त्यासाठी मला एकच गोष्ट सांगायची आहे: अद्भुत आणि अभिजात असे दोन कप्पे करू नका. दोन्ही जोडीने वाचा, नेमाने वाचा आणि घरातल्या माणसांसोबत वाचा. खानदेशात याची वाट आधीच घालून दिलेली आहे.

पहिल्या दिवशी काय तपासावं

आनंदाच्या भरात एक काम विसरू नका. पुस्तकाची पानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चाळा. पुस्तक फर्म्यांनी छापलं जातं. एका फर्म्यात साधारण ८ किंवा १६ पानं असतात. बांधणीत कधी एखादा फर्मा गळतो, कधी तोच दोनदा लागतो, कधी उलटा लागतो. पानांचे आकडे सलग आहेत का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. बिल जपून ठेवा. दोष लगेच कळवला तर प्रत बदलून मिळण्याची शक्यता जास्त असते. सहा महिन्यांनी सांगितलं तर अवघड होतं.

मग आतलं श्रेयनामावलीचं पान वाचा. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव, मूळ पुस्तकाचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष तिथे असायला हवं. ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असा शब्द आहे का, तेही पाहा. लहान मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती चांगली, पण आपण संपूर्ण ह्यूगो वाचला असं समजून आवृत्ती निम्मीच निघाली, असं होऊ नये. फुटपाथवर फार स्वस्तात मिळणाऱ्या गाजलेल्या पुस्तकांत नकली प्रती पुष्कळ असतात. पुसट शाई, तिरकी पानं, पातळ कागद दिसला तर प्रत घेऊ नका. अशा प्रतीचा पैसा लेखकालाही मिळत नाही आणि अनुवादकालाही नाही.

जाड, कापडी बांधणीचं पुस्तक एकदम मधोमध उघडू नका. पुस्तक कण्यावर उभं धरा. दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा, मग पुढून दहा-बारा पानं आणि मागून दहा-बारा पानं असं आलटून पालटून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. एवढं केलं की बांधणी वर्षानुवर्षं टिकते.

शेवटी पहिल्या कोऱ्या पानावर नाव, तारीख आणि पुस्तक कुठून आलं ते लिहा. एका वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, किंमत आणि ‘वाचून झालं’ हा रकाना करा. रिकामा रकाना दिसत राहिला की हात आपोआप त्या पुस्तकाकडे जातो.

आधी अद्भुत, मग अभिजात

ढिगातलं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? माझं उत्तर स्पष्ट आहे: अद्भुताचं, आणि त्यातलंही लहान. मराठी वाचकही याच वाटेने घडला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. योगायोग, संकटं, साहसं, अचाट प्रसंग यांनी या कादंबऱ्या भरलेल्या आहेत. या वाचनावर मराठी वाचकाची एक पिढी वाढली आणि १८९० मध्ये हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ येऊ लागली, तेव्हा वास्तवाचं ते कठोर चित्र वाचायला वाचक तयार होता. अद्भुताने पानं उलटण्याची सवय लावली आणि त्या सवयीवर अभिजात कादंबरी उभी राहिली. घरातल्या वाचकाच्या बाबतीतही हेच घडतं.

मुलांसाठी सुरुवात भा. रा. भागवतांपासून करा. ‘जाईची नवलकहाणी’ हा त्यांनी मराठीत आणलेला लुईस कॅरलच्या अ‍ॅलिसचा अवतार. ज्यूल व्हर्नची ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ हीही त्यांचीच. जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’ मोठ्यांनीही वाचावं असं आहे. यानंतर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हाती दिलं तर दहा-बारा वर्षांचं मूल स्वतःहून पुढच्या भागांकडे जातं.

मोठ्या वाचकाने जोड्या लावाव्यात. एक अद्भुताचं पुस्तक संपलं की त्याच्याशी नातं सांगणारं एक अभिजात पुस्तक घ्यायचं. काही जोड्या सुचवतो.

हॅरी पॉटर झालं की चार्ल्स डिकन्सचं ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. अनाथ मुलगा, त्याला छळणारी मोठी माणसं आणि अचानक मिळालेली माया दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी जादू आहे, दुसऱ्या ठिकाणी १९व्या शतकातलं लंडन.

ज्यूल व्हर्न झालं की जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह. विज्ञानाच्या आधारावर कल्पना किती लांब जाऊ शकते, ते दोघांत पाहायला मिळतं. शंभर वर्षांत विज्ञान कुठून कुठे गेलं, तेही कळतं.

अरबी गोष्टी झाल्या की ‘कथासरित्सागर’. गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्या पोटात आणखी एक, ही रचना सोमदेवाने ११व्या शतकात काश्मिरात कशी सांभाळली, ते वाचताना थक्क व्हायला होतं.

टोल्कीनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलं आहे. ते झालं की जी. एं.चं ‘रमलखुणा’ घ्या. १९७५ च्या या पुस्तकातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा अनोळखी प्रदेशातून चालणाऱ्या माणसाच्या आहेत. टोल्कीनमध्ये प्रवासाच्या शेवटी घर आहे, जी. एं.कडे प्रश्न आहे. ओळीने वाचल्याशिवाय हा फरक मनात उतरत नाही.

अजिंठा शेजारी असताना

जळगावहून पहूरमार्गे निघालेली एसटी वाकोद, फर्दापूर करत अजिंठ्याला जाते. पहूरच्या वाचकाला जगातल्या फार थोड्या वाचकांना मिळते अशी सोय मिळालेली आहे: अद्भुतकथा वाचायची आणि तासाभराच्या अंतरावर तीच कथा सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रात पाहायची.

पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. दुर्गा भागवतांनी त्या ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या. सातही खंड एकदम घेण्याची गरज नाही. ग्रंथालयातून एक खंड आणा आणि चित्रांत असलेल्या कथा आधी शोधा. छद्दंत जातकात सहा सुळ्यांचा हत्ती आहे. त्याच्यावर रुसलेली हत्तीण पुढच्या जन्मी राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. हत्ती शिकाऱ्याला मारत नाही, सुळे देऊन टाकतो, आणि ते पाहून राणीचं काळीज फाटतं. ही कथा १० आणि १७ क्रमांकांच्या गुंफांत रंगवलेली आहे. विश्वंतर जातकही १७ मध्येच आहे, आणि महाजनक जातक पहिल्या गुंफेत.

१७ क्रमांकाच्या गुंफेत सिंहल अवदानही आहे. सिंहल आणि त्याच्या सोबतच्या व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं, ते एका बेटावर लागतात, तिथल्या सुंदर स्त्रिया त्यांना घरात घेतात आणि प्रत्यक्षात त्या नरभक्षक राक्षसिणी असतात. उडणारा पांढरा घोडा सिंहलाला वाचवतो. ही कथा ठाऊक असलेल्या माणसाने होमरचं ‘ओडिसी’ हातात घेतलं तर ते परकं वाटत नाही. बेटं, मोहिनी, भुकेले राक्षस आणि घरी परतण्याची ओढ आधीच ओळखीची झालेली असते.

पद्धत सोपी आहे. आधी कथा घरी वाचा, दोन-तीन मुलांना सांगा, मग गुंफेत जा. आत उजेड कमी असतो, रंग बरेच झिजले आहेत. कथा माहीत नसेल तर भिंत नुसती डागाळलेली दिसते. माहीत असेल तर मुलं स्वतःच हत्ती आणि घोडा शोधतात. सोमवारी गुंफा बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

आठवड्याचा नेम

पुस्तक अर्धवट राहतं ते बहुतेक वेळा नेम नसल्यामुळे. नेमाने काय होतं, त्याचं एक उदाहरण पाहा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला शेवट. दर रविवारी एक अध्याय, असे १८ रविवार. साने गुरुजी समोर बसून ती उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा आठवड्याआठवड्याने तयार झाला. ऐकणाऱ्यांना मधले सहा दिवस विचाराला मिळाले.

अनेक अभिजात कादंबऱ्याही मुळात अशाच हप्त्यांनी वाचल्या गेल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून आली. डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांतून आणि साप्ताहिकांतून आल्या. तेव्हा अशी कादंबरी दोन दिवसांत संपवण्याचा हट्ट धरू नका. रविवारची सकाळ किंवा बाजाराच्या आदल्या दिवसाची रात्र ठरवा आणि त्या वेळी अभिजात कादंबरीची दोन-तीन प्रकरणं वाचा. बाकीच्या दिवशी झोपण्यापूर्वी अद्भुताची पंधरा पानं. आठवड्यातले सहा दिवस पंधरा म्हणजे महिन्याला साधारण ३९० पानं झाली. शेतीची कामं, दुकान, शाळा सांभाळूनही एवढं जमतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजचं वाचन जमलं नाही, तरी आठवड्याचा नेम मोडू नका.

जाड ग्रंथात अडू नये म्हणून

परक्या नावांनी वाचक बिचकतो. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, पात्र आलं की नाव आणि एक ओळखीचा शब्द लिहा: कोणाचा मुलगा, कोणाचा शत्रू. हाच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. टोल्कीनच्या पुस्तकात नकाशे आहेत. प्रवास कुठवर आला ते बोटाने पाहत जा. शेवटची परिशिष्टं कथा संपल्यावर वाचा.

अभिजात पुस्तकाची प्रस्तावना नंतर वाचावी. ती बहुधा अभ्यासकाने लिहिलेली असते आणि कथानकाचा शेवट त्यात उघड झालेला असतो. अनुवादकाचं मनोगत मात्र आधी वाचायला हरकत नाही.

पहिली पन्नास पानं धीर धरा. जुन्या कादंबऱ्या सावकाश सुरू होतात; स्थळ, घराणी, रीतीभाती सांगायला लेखक वेळ घेतो. पन्नास पानांनंतरही मन लागलं नाही तर पुस्तक बाजूला ठेवा, वहीत तसं लिहा आणि वर्षाने पुन्हा उघडा. वाचकाचं वय आणि अनुभव बदलतो, तसं तेच पुस्तक जवळ येतं.

घरात मोठ्याने वाचा

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. पुढे त्यांनी ‘गोड गोष्टी’ लिहिल्या. त्यातलं ‘मनूबाबा’ हे जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’चं रूप आहे आणि ‘दुःखी’ हे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चं. जगातली अभिजात कादंबरी मराठी मुलाला समजेल अशा भाषेत आणण्याचं काम खानदेशात घडलेल्या या शिक्षकाने केलं. घरात वाचनाची सुरुवात करायला याहून चांगली पुस्तकं मला माहीत नाहीत.

जेवणं झाल्यावर वीस मिनिटं पुरतात. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, दुसऱ्या दिवशी वाचणारा बदलायचा. अवघड शब्दाला लगेच थांबू नका, प्रसंग संपल्यावर अर्थ सांगा. जामनेर भागात घराघरांत तावडी बोलली जाते. पुस्तक प्रमाण मराठीत असलं तरी त्यावरचं बोलणं तावडीतच होऊ द्या. आजीने ‘ले मिझराब्ल’चा नायक ज्याँ व्हाल्ज्याँ याच्याविषयी आपल्या बोलीत मत दिलं की ह्यूगो त्या घरचा झाला. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि खानदेशातली लेवा बोली महाराष्ट्रभर पोचली. आपल्या बोलीला साहित्यात जागा आहे की नाही, हा प्रश्न तिथेच मिटला.

उन्हाळा, पावसाळा आणि वाळवी

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या पुस्तकाचा कागद कोरडा पडून कडा तुटू लागतात, डिंकाची बांधणी सुटते. पुस्तकं घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा भिंतीशी ठेवा. फळी भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर तरी वर असावी. वाळवी ओल्या भिंतीतून आणि जमिनीतून येते.

पावसाळ्यात कसर आणि बुरशी यांची भीती. पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नका, हवा खेळू द्या. महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पानं फडफडवा. सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत ठेवण्याची रीत जुनी आहे. डांबरगोळ्या ठेवल्या तर कागदाला न लागता आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका. पानांत कोरे टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदही खराब करते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी यांनी पान नीट जोडलं जातं. खळ पूर्ण वाळल्यावरच पुस्तक मिटा.

पुढची पुस्तकं कुठून

सगळी पुस्तकं विकत घेणं कुणालाच शक्य नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं गावोगाव आहेत. अनामत आणि वर्गणी भरून सभासद होता येतं. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय आणि धुळ्याचं गरुड वाचनालय ही खानदेशातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. जाड आणि महाग संच तिथून आणून वाचावेत आणि पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटेल तेवढंच विकत घ्यावं.

जुन्या पुस्तकांसाठी आणखी एक सोय आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं आहे. हरिभाऊंचं त्याच्या कितीतरी आधीपासून. मराठी विकिस्रोतासारख्या संकेतस्थळांवर अशी जुनी पुस्तकं मोबाइलवर फुकट वाचता येतात. तिथे चार प्रकरणं वाचून पाहावीत आणि आवडलं तर छापील प्रत घ्यावी.

परगावच्या नातेवाइकांशी पुस्तकांची देवाणघेवाण करायची असेल तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. सुरू झाली तेव्हा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे होते. आपलं पुस्तक त्यात बसतं का आणि सध्याचा दर काय, हे टपाल कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी आपल्या मुलखाकडेही पाहा. अमळनेरला १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पहूरजवळच्याच मुलखातल्या पळसखेड्याच्या शेतात ना. धों. महानोरांची कविता पिकली. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली आणि मराठी कादंबरी बदलली. या मातीत लिहिणारे झाले, कारण वाचणारे होते. ती परंपरा पुढे चालवायला मोठ्या समारंभाची गरज नाही. तुमच्या वहीत ‘वाचून झालं’ अशी खूण पडलेलं पुस्तक कपाटात परत ठेवू नका. कुणाला दिलं ते वहीत लिहा आणि गल्लीतल्या एखाद्या मुलाच्या हाती द्या. परत आलं की त्याला दुसरं द्या.